रोयणीवरची अळमी : वाचकांचे प्रश्न

आषाढ लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांतली निम्मीअधिक अळम्यांबद्दल, म्हणजे पावसाळी मशरूमबद्दल, असतात. रोयण म्हणजे वाळवीचं वारूळ, त्यावर येतात ती रोयणीवरची अळमी. या वेळी एकही दुसरा प्रश्न घेतलेला नाही. काही प्रश्न सारखेच होते, ते एकत्र केले आहेत.

रोयणीवरची अळमी आणि विषारी छत्र्या यांतला फरक घरच्या घरी कसा ओळखावा? शिजवताना चांदीचं नाणं किंवा लसणीची पाकळी टाकायची, काळी पडली तर विष, असं जुनी माणसं सांगतात. – एक वाचक, वाळपई

नाणं आणि लसूण दोन्ही विसरा. अळम्यांतल्या विषाने चांदी काळी पडत नाही आणि लसूणही नाही. गोगलगायीने कुरतडलेलं अळमं माणसाला चालतं, हाही तसलाच समज. गोगलगाय जे पचवते ते माणसाला पचेलच असं नाही. आणि सगळ्यांत घातक समज म्हणजे 'चांगलं शिजवलं की विष जातं'. यकृत निकामी करणारं अमॅटॉक्सिन हे विष उकळून, तळून किंवा वाळवून जात नाही.

रोयणीवरच्या अळम्याची खरी ओळख जमिनीखाली असते. शास्त्रात याला टर्मिटोमायसिस म्हणतात. वाळवी वारुळाच्या पोटात अर्धवट पचलेल्या पाल्यापाचोळ्याचे पोळे रचते, त्यावर ही बुरशी वाढवते आणि तीच खाते. अळमं त्या पोळ्यातून निघून माती फोडत वर येतं. त्यामुळे त्याचा देठ जमिनीपाशी संपत नाही. तो निमुळता होत, मुळासारखा, थेट पोळ्यापर्यंत खाली गेलेला असतो. माती फोडण्यासाठी टोपीच्या मधोमध एक टणक, टोकदार बोंडी असते. टोपी उलगडली तरी ती बोंडी जात नाही, हाताला लागते.

अमॅनिटा या जातीची विषारी अळमी वरून तितकीच पांढरी आणि देखणी असतात. पण त्यांच्या देठाचा बुडखा फुगीर असतो आणि त्याभोवती फाटक्या पिशवीसारखं किंवा वाटीसारखं आवरण असतं. ते बहुधा मातीत दडलेलं. अळमं वरच्यावर मोडून घेतलं की ही वाटी मातीतच राहते आणि टोपलीत फक्त निष्पाप दिसणारा वरचा भाग येतो. चूक होते ती इथे.

म्हणून जागेवर एक तरी अळमं बोटांनी माती बाजूला सारून चार इंच खालपर्यंत उघडं करून पाहा. शेपटी निमुळती होत खाली जाताना दिसली, वाटी नाही, गाठ नाही, तर पुढे बघायचं. जमिनीवर उंचवटा दिसलाच पाहिजे असं नाही. वाळवीची कितीतरी घरं पूर्ण जमिनीखाली असतात.

घरी आणल्यावर दुसरी तपासणी करता येते. उमललेल्या अळम्याचा देठ टोपीपाशी कापा. टोपीची कल्ल्यांची, म्हणजे आतल्या पातळ पापुद्र्यांची, बाजू खाली करून अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर ठेवा, वर वाटी पालथी घाला. सहा ते बारा तासांत बीजुकांचा, म्हणजे बुरशीच्या बियांसारख्या बारीक धुळीचा, ठसा उमटतो. रोयणीच्या अळम्याचा ठसा फिकट गुलाबी असतो. पांढरा किंवा हिरवट आला तर सगळी टोपली कचऱ्यात. मात्र गुलाबी ठसा देणाऱ्या विषारी जातीही आहेत, तेव्हा ठसा जुळला म्हणजे झालं असं धरू नका. मूळ आणि ठसा दोन्ही जुळायला हवेत. कळ्या ठसा देत नाहीत, त्यांच्यासाठी मुळावाचून दुसरा आधार नाही.

आणि हे वाचून एकट्याने रानात निघू नका. पहिले दोन-तीन पावसाळे त्या परिसरातल्या जाणत्या माणसाबरोबर जा. लेखी वर्णन कितीही बारकाईने केलं तरी ते हाताला लागणाऱ्या बोंडीची जागा घेत नाही.

अळमी मुळासकट उपटावीत की सुरीने कापावीत? आमच्या कुळागराच्या, म्हणजे बागायतीच्या, कडेच्या रोयणीवर दरवर्षी यायची, दोन वर्षांपासून येत नाहीत. – वाचक, सांगे

कापावीत, जमिनीलगत, शेपटीचा थोडा तुकडा राहील अशी. वर 'एक उघडं करून पाहा' म्हटलं ते एकच, ओळख पटवण्यापुरतं, आणि त्याची माती लगेच परत ढकलायची. प्रत्येक अळम्याच्या मुळाशी बोटं घालून ओढलं की वारुळाच्या वाटा मोडतात. लांब शेपटी मिळावी म्हणून काही जण कुदळ घालतात. त्यात खालचं पोळंच फुटतं. हे पोळं करड्या-तपकिरी स्पंजासारखं असतं आणि त्यावर साबुदाण्याहून बारीक पांढरे दाणे दिसतात. ते उघड्यावर आलं की ओलीत कुजतं किंवा त्यावर दुसरी बुरशी चढते. वाळवी ते पुन्हा बांधते, पण त्या मोसमाचं पीक गेलं.

तुमची रोयण का थांबली, याची तीन कारणं पडताळून पाहा. खणणं हे एक. वारुळावर किंवा आसपास वाळवीचं औषध टाकणं हे दुसरं. बागायतीत काजू किंवा माडाच्या रोपांसाठी ते सर्रास टाकलं जातं आणि त्यानंतर अळम्यांची वाट पाहण्यात अर्थ नाही. तिसरं, पालापाचोळा झाडून जाळणं. वाळवीला खायलाच नाही तर ती पोळी कशाची रचणार?

यापलीकडे एक गोष्ट आहे जी टोपली भरताना लक्षात येत नाही. पहिल्या पावसात पंख फुटलेली वाळवी उडते आणि नवी घरं मांडते. पण बहुतेक जातींत ती बुरशी बरोबर नेत नाही. नव्या घरातल्या पहिल्या कामकरी वाळव्या काही आठवड्यांनी बाहेर पडतात, तेव्हा त्यांना मातीत सांडलेली बीजुकं सापडावी लागतात. अळमी उमलण्याची वेळही तीच. आपण मात्र कळ्याच खुडतो, कारण बाजारात कळीलाच भाव. एका रोयणीवरची सगळी अळमी कळीतच नेली, तर त्या जागेहून एकही बीजुक पसरत नाही. गोवा विद्यापीठात डॉ. नंदकुमार कामत यांनी या अळम्यांवर दीर्घकाळ संशोधन केलं आणि ती ओरबाडण्याविरुद्ध ते वर्षानुवर्षं लिहीत आले आहेत. आमचं मत त्यांच्याइतकं कडक नाही. पण निदान एक तृतीयांश अळमी, तीही पूर्ण उमलू देऊन, जागेवर सोडावीत. गोव्यात सातेरी म्हणून रोयणीचीच पूजा होते. देवळातल्या वारुळाला हात जोडायचे आणि रानातल्याला कुदळ लावायची, हे जरा विचित्रच.

पर्वरीला आमच्या सोसायटीच्या हिरवळीवर मोठाल्या पांढऱ्या छत्र्या आल्या आहेत. ताटलीएवढी टोपी, मध्ये तपकिरी खवले. खायच्या आहेत का? – सोसायटीतल्या तिघांचं मिळून पत्र

मुळीच नाहीत. वर्णनावरून त्या हिरव्या कल्ल्यांच्या छत्र्या असण्याची दाट शक्यता आहे. शास्त्रीय नाव क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. पावसाळ्यात हिरवळीवर आणि शेणखत घातलेल्या बागेत त्या येतात, कित्येकदा गोल रिंगणात. देठावर वर-खाली सरकणारं कडं असतं. फसवतात त्या एका कारणाने: कोवळ्या असताना कल्ले पांढरे असतात, मळकट हिरवे होतात ते नंतर. ठसाही हिरवट येतो. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या, पोटात पिळवटणं आणि जुलाब सुरू होतात. मोठी माणसं सहसा बरी होतात, पण लहान मुलाच्या अंगातलं पाणी इतक्या झपाट्याने जातं की सलाइन लावावं लागतं. खेळणारी मुलं आणि कुत्री असतील तर हातमोजे घालून उपटा आणि कचऱ्यात टाका. जमिनीखालची बुरशी राहणारच, पुढच्या पावसात पुन्हा येतील.

मातीतून पांढरे गोल चेंडू येतात, तेही खातात म्हणे? – वाचक, पेडणे

प्रत्येक चेंडू उभा मधोमध कापायचा. आत पनीरसारखा सलग पांढरा गर असेल तरच पुढचा विचार. जांभळट-काळा असेल तर फेका. आत छोट्या अळम्याची, म्हणजे टोपी-देठाची, आकृती दिसली तर ती अमॅनिटाची न उमललेली कळी असू शकते. ती फेका आणि सुरी, पाट, हात धुऊन घ्या.

बाजारात शेकड्याच्या भावाने अळमी घेताना काय बघावं? आणि आणल्यावर किती दिवस टिकतात? – गृहिणी, फोंडा

पानांची पुडी उघडून दाखवायला सांगा. वर जाड कळ्या आणि आत उमललेली, मोडकी अळमी, हा प्रकार जुनाच आहे. शेकडा हा नगांचा हिशेब, वजनाचा नव्हे, त्यामुळे बारीक अळम्यांचा शेकडा स्वस्त दिसला तरी भांड्यात पडतो निम्माच. देठ दाबून पाहा. भरीव आणि करकरीत हवा. दबला किंवा पाणी सुटलं तर कालचा माल. कल्ले पांढरट किंवा किंचित गुलाबी ठीक, पण तपकिरी पडून आंबूस वास आला तर सोडून द्या. शेपटीचा तुकडा असलेलीच घ्या. माती चिकटलेली शेपटी साफ करायला त्रास होतो खरा, पण ओळखीचा तेवढाच पुरावा तुमच्या हातात येतो. शेपट्या छाटून, धुऊन, प्लॅस्टिकच्या पिशवीत विकायला ठेवलेली अळमी कितीही स्वच्छ दिसोत, आम्ही घेणार नाही.

घरी आल्यावर पिशवीत ठेवू नका. कोंडलेल्या वाफेने तीन-चार तासांतच बुळबुळीत होतात. सुपात किंवा कागदावर पसरा. त्याच दिवशी रांधणं उत्तम. फार तर न धुता, कागदात गुंडाळून, एक रात्र फ्रिजमध्ये.

साफ करताना आधी कोरडं काम, मग पाणी. शेपटीचा काळा भाग कापून टाका. उरलेल्या देठावरची मातकट साल गाजर खरवडतो तशी सुरीने खरवडा. मग अळमं हातानेच उभं फाडा, देठापासून टोपीपर्यंत, दोन किंवा चार भाग. सुरीने आडव्या चकत्या केल्या की देठातल्या अळ्यांची भोकं दिसत नाहीत. फाडल्यावर लगेच कळतात. चिमूटभर हळद आणि मीठ घातलेल्या पाण्यातून कल्ले खाली धरून दोन-तीनदा हलवून काढा. पाणी दर वेळी बदला. पाच मिनिटांपेक्षा जास्त भिजवू नका, स्पंजासारखी पाणी धरतात आणि ते पाणी मग कढईत सुटतं.

साठवायची असतील तर कच्ची गोठवू नका. स्वतःच्याच पाण्यात सात-आठ मिनिटं वाफवा, गार करा आणि रसासकट डब्यात भरून गोठवा. दोन-तीन महिने चव बरी राहते. भर पावसात वाळवायच्या भानगडीत पडू नका. दमट हवेत वाळण्याआधी कुजतात.

अळम्यांचं तोंडाक, म्हणजे रस्साभाजी, दर वेळी पाणचट होतं, आणि एकदा चक्क कडू झालं. काय चुकतं? – वाचक, मडगाव

पाणचट होतं कारण अळमी कच्चीच वाटणात पडतात आणि आपलं पाणी रश्श्यात सोडतात. कडू झालं ते बहुधा मसाला करपल्याने. धणे किंवा सुकी मिरची काळी पडली की तो कडूपणा गुळाने जात नाही. शिळ्या अळम्यांनाही कडवट चव येते.

साफ केलेली 400 ग्रॅम अळमी धरू, चार माणसांना पुरतं. पातेल्यात चमचाभर खोबरेल तापवून त्यात अळमी आणि पाव चमचा हळद घाला. मीठ आणि पाणी आता नाही. मध्यम आचेवर झाकण न ठेवता परता. दोन-तीन मिनिटांत भरपूर पाणी सुटेल. ते आटेपर्यंत, म्हणजे आणखी आठ-दहा मिनिटं, थांबा. अळमी आक्रसतील आणि वास बदलेल. ओल्या मातीचा वास जाऊन भाजल्या काजूसारखा येऊ लागतो. तो आला की उतरवा. पातेलं रुंद हवं. अरुंद भांड्यात ढीग झाला तर अळमी परतली न जाता उकडतात आणि दाताखाली रबरासारखी लागतात.

वाटणासाठी तव्यावर मंद आचेवर एक मोठा चमचा धणे, पाच-सहा मिरी, दोन लवंगा आणि सहा बेडगी मिरच्या वेगवेगळ्या भाजा. एकत्र टाकल्या की मिरची जळते आणि धणे कच्चे राहतात. मग थोड्या तेलात एक मोठा उभा चिरलेला कांदा तांबूस करा, त्यात वाटीभर ओलं खोबरं घालून बदामी रंगावर आणा. सगळं लिंबाएवढ्या नव्हे, गोटीएवढ्या चिंचेबरोबर गंधासारखं वाटा. दुसऱ्या भांड्यात बारीक चिरलेला कांदा परतून वाटण घाला, तेल सुटू लागलं की दीड-दोन वाट्या गरम पाणी, मीठ, आणि उकळी फुटल्यावर अळमी. मंद आचेवर दहा मिनिटं. चिंचेऐवजी सोलं, म्हणजे कोकम, वापरायची तर शेवटी तीन-चार टाका आणि पाच मिनिटांत काढून घ्या.

शागुतीचा मसाला, म्हणजे खसखस, बडीशेप, चक्रीफूल, जायफळ सगळं घालून, काही घरांत अळम्यांना लावतात. शेतात पिकवलेल्या बटन मशरूमला तो शोभतो, त्याला स्वतःची चव बेताचीच. रोयणीच्या अळम्याला तो मारून टाकतो. वर्षातून दोनदा मिळणारी चीज जायफळाखाली कशाला पुरायची? उलट कांदा, दोन हिरव्या मिरच्या, दोन सोलं आणि वरून मूठभर खोबरं एवढ्यावर सुकं करून पाहा.

पहिल्यांदाच खाणाऱ्याने पानात दोन चमचेच घ्यावं. ओळखीची अळमीसुद्धा काहींना सोसत नाहीत. आणि दर वेळी दोन कच्ची अळमी कागदात गुंडाळून दोन दिवस फ्रिजमध्ये बाजूला ठेवा. का, ते पुढच्या उत्तरात.

अळमी खाऊन विषबाधा झाली तर पहिलं काय करायचं? – वाचक, काणकोण

108 ला फोन करा किंवा सरळ बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचा. लांब असाल तर आधी जवळच्या सरकारी इस्पितळात. ताक, तूप, मिठाचं पाणी, बोटं घालून उलटी, यातलं काही नको. बरोबर न्या: बाजूला ठेवलेली कच्ची अळमी, उरलेली भाजी, साफ करताना निघालेल्या शेपट्या. डॉक्टरांना तीन गोष्टी नक्की सांगा: खाल्लं किती वाजता, पहिला त्रास किती वाजता, आणि पानावर आणखी कोण होतं. त्या सर्वांना तपासून घ्या, त्रास होत नसला तरी.

वेळेला इतकं महत्त्व का? तासा-दोन तासांत सुरू झालेल्या उलट्या बहुतेकदा पोटापुरत्या असतात. रात्री जेवून पहाटे, म्हणजे सहा ते चोवीस तासांनी, उलट्या-जुलाब सुरू झाले तर अमॅटॉक्सिनची शंका धरावी लागते. त्यात फसवणूक अशी की दुसऱ्या दिवशी रुग्णाला बरं वाटतं. उलट्या थांबतात, तो पेज मागतो, घरचे निर्धास्त होतात. आत यकृताचा नाश चालूच असतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसते. या मधल्या दिवशी हट्टाने घरी आणलेला रुग्ण परत नेईपर्यंत उशीर होतो. लवकर त्रास झाला म्हणून धोका टळला असंही नाही. टोपलीत दोन जातींची भेसळ असू शकते.

अळम्यांच्या सुक्याबरोबर फेणी चालते का? – नाव नको, असं म्हणणारा वाचक, डिचोली

रोयणीच्या अळम्यांबरोबर वावगं काही होत नाही. पण शेणखतावर किंवा कुजक्या लाकडाशी येणाऱ्या, उमलल्यावर शाईसारख्या काळ्या होऊन गळणाऱ्या छत्र्यांच्या एका जातीत कोप्रीन असतं. ते शरीराला दारू पचवू देत नाही. दोन घोटांतच तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, मळमळतं, आणि हा परिणाम दोन-तीन दिवसांनी घेतलेल्या पेल्यावरही होऊ शकतो. दोष फेणीवर जातो.

मोलेच्या रस्त्याला अळमी दिसली तर तोडता येतात का? – वाचक, कुडचडे

अभयारण्याच्या हद्दीत असाल तर नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार परवानगीविना तिथून वनोपज नेता येत नाही आणि अळमी त्यात आली. भगवान महावीर, म्हादई, बोंडला, नेत्रावळी, खोतीगाव, सगळीकडे हेच. खाजगी जमिनीत मालकाला विचारून.

रोयणीची अळमी घरी लावता येतील का? – वाचक, शिरोडा

वाळवी पाळता आली तर. तिच्या पोळ्यावाचून ही बुरशी अळमी धरत नाही, आणि व्यापारी लागवड अजून कुणालाच जमलेली नाही. घरी धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, लावा. गोव्याच्या पावसाळी दमट हवेत ती छान येते. जुन्या गोव्यातल्या आयसीएआरच्या किनारी कृषी संशोधन संस्थेत तिच्या बियाण्याची, म्हणजे स्पॉनची, चौकशी करा.

एक किलो कोरडा, पिवळाधमक भाताचा पेंढा दोन-तीन इंचांचे तुकडे करून रात्रभर भिजवा. निथळून त्यावर उकळतं पाणी ओता आणि झाकून 45 मिनिटं ठेवा. पुन्हा निथळून सावलीत स्वच्छ कापडावर पसरा. मूठभर पेंढा घट्ट पिळल्यावर तळवा ओला व्हावा पण थेंब पडू नये, तेवढाच ओलावा हवा. हा पेंढा आता तीनेक किलो भरतो, त्याला शंभर ते सव्वाशे ग्रॅम स्पॉन लागतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत चार इंच पेंढा, कडेने स्पॉन, पुन्हा पेंढा, असे थर दाबून भरा, तोंड बांधा आणि दाभणाने दहा-बारा भोकं पाडा. अंधाऱ्या खोलीत पंधरा ते वीस दिवसांत पिशवी कापसासारखी पांढरी होते. मग प्लॅस्टिक कापून काढा, उजेड आणि वारा लागेल अशा जागी टांगा, दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा बारीक फवारा मारा. पाच-सहा दिवसांत झुबके येतात. कडा वर वळण्याआधी पूर्ण झुबका पिळून काढा. तीन तोड्यांत मिळून अर्धा ते एक किलो माल निघतो.

पिशवीत हिरवे डाग दिसले तर पेंढा नीट तापला नव्हता किंवा पाणी जास्त राहिलं. ती पिशवी न उघडता घरापासून लांब नेऊन पुरा. अंगणात उघडलीत तर तिच्या बुरशीची धूळ शेजारच्या पिशव्यांवर बसेल. झुबक्याचे देठ लांबडे आणि टोप्या इवल्याशा आल्या तर खोलीत वारा कमी आहे, एक खिडकी उघडी ठेवा.